चाकातले छर्रे

देवाला हात जोडते, उपासही करते, पण भुताखेताचा विषय निघाला की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारी मी बाई. इथले अनुभव बरेच दिवस वाचतेय... निम्म्यांना हसलेही आहे, रागावू नका. माझा अनुभव लिहायला इतकी वर्षं लागली, कारण त्यात भूत नाहीच. आमचे आबा आहेत आणि माझा दादा आहे.

२००१ च्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात हायवेला, उचगाव फाट्याच्या थोडं अलीकडे, आबांचं टायरचं दुकान होतं — पंक्चर, हवा आणि ट्रकच्या चाकांचं बॅलन्सिंग. मागे आमचं पत्र्याचं घर, मध्ये अंगण, आणि रस्त्यावरून अंगणात यायला उतार. आबा जॅकवर चाक उचलून हाताने गरकन फिरवायचे. थांबताना जड बाजू खाली येते. तिथे खडूची खूण करायची आणि समोरच्या बाजूला रिमवर शिशाचं वजन ठोकायचं. या कामात त्यांचा हात धरणारा अख्ख्या हायवेला कोणी नव्हता, असं आबाच सांगायचे.

दादाचा स्वतःचा ट्रक होता. शिरोलीच्या फौंड्रीतून लोखंडाचं ओतीव कास्टिंग भरायचं आणि बंगलोरला पोचवायचं, हे त्याचं काम. खड्ड्यांनी शिशाची वजनं गळून पडायची आणि स्टेअरिंग थरथरायचं. मग त्याने कुठेतरी ऐकलं की बाहेरून वजन ठोकण्यापेक्षा चाकाच्या आतच बारीक छर्रे सोडायचे. चाक पळायला लागलं की ते आपली जागा आपण धरतात. फौंड्रीत कास्टिंग साफ करायला लोखंडी छर्रे असतातच. त्यातले थोडे मागून आणले आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या ट्यूबमध्ये सोडले. थरथर थांबली!

आबांना कळलं, आणि घरात आग लागली.

"बापाचं दुकान असताना चाकात खुळखुळा घालून फिरतोस व्हय रं?"

"आबा, वजनं ऱ्हातच न्हाईत की. एकदा गाडीत बसून तर बघा."

"आतनं ट्यूब घासणार ती. एक दिवस टायर फुटंल आन मरशील. मग मला सांगाय येऊ नगंस!"

तेव्हा मला तो आबांचा ताठा वाटला. ती भीती होती, हे मला फार उशिरा कळलं. दोघेही एकाच मातीचे. एकाने छर्रे काढले नाहीत, दुसऱ्याने बोलणं टाकलं. शेजारी बसलेल्या दादाला आबांचा निरोप माझ्यामार्फत जायचा — "त्येला सांग, हवा तपासून घे म्हणावं." मी म्हणजे घरातलं टेलिफोन एक्सचेंज! पुढे पुढे दादा घरात जेवायलाही येईना. अंगणात गाडी लावून केबिनमध्येच बसायचा, आणि आई ताट झाकून तिथे न्यायची. महिने गेले असेच. आईला एकच घोर होता, हा पोरगा पुन्हा बापाच्या पंगतीला कधी बसणार.

गाडी आणताना दादा उतारावर इंजिन बंद करायचा आणि तशीच हळूहळू अंगणात सोडायचा. चाक जोरात असताना छर्रे गप्प असतात. वेग उतरला की मात्र ते आतल्या आत घरंगळतात... खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ... आणि गाडी थांबली की सर्रकन तळाला बसतात. तो आवाज आला की आई तवा ठेवायची.

त्या दिवशी दादा बंगलोरच्या वाटेवर होता. दुपारची जेवणं चालली होती. आई भाकरी थापत होती, आबा ताटावर, मी वाढत होते. आणि अंगणात आवाज आला. खुळ्ळ... खुळ्ळ... मग सर्रर्र. तिघांनीही ऐकला. आईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या लवकर परत कसा?

आबांचा घास हातातच राहिला. मग मान वर न करता, मोठ्यांदा —

"ये की रं आत! गरम भाकरी हाय. हात धू आन ये जेवाय!"

आईच्या डोळ्यांना धार लागली. तिने पदराने पुसून दुसरं ताट घेतलं. मी हसतच बाहेर धावले.

अंगण रिकामं होतं.

"कोणी नाही, आबा."

"नीट बघ की! आलाय त्यो!"

ते स्वतः उठले. खरकट्या हाताने, अनवाणी, उतार चढून हायवेपर्यंत गेले आणि दोन्हीकडे बघून परत आले. पुढे जेवले नाहीत. हात धुताना मला हळूच म्हणाले, "मी हाक मारली म्हणून त्येला सांगू नगं हां."

दुपार कलताना दुकानातला फोन वाजला. कबनूरचे इस्माईलचाचा बोलत होते. ते सुताचे ट्रक चालवायचे आणि दादाच्या सोबतीने जायचे. चित्रदुर्गाच्या पुढून, बूथवरून फोन होता. दादा गेला होता.

मी रडत सांगितलं तेव्हा आबांनी एकच विचारलं, "टायर फुटला?"

"नाही आबा. छातीत कळ आली."

ते कॉम्प्रेसरपाशी जमिनीवरच बसले.

सगळे विधी झाल्यावर इस्माईलचाचा घरी आले. घोंगडीवर बसून त्यांनी सांगितलं, "दुपारच्या जेवणाची येळ हुती. मी मागंच हुतो. पोरानं खिडकीतनं हात काढला, इंजिन बंद केलं आन उतारावरनं गाडी गपगार कडंला लावली. कुणाला धक्का न्हाई. मी पळत गेलो, तर स्टेअरिंगवर डोकं टेकलेलं. हाका मारल्या, पण त्येचं माझ्याकडं ध्यानच न्हवतं. दाराकडं बघत हुता."

"काय बोलला का त्यो?" आईने विचारलं.

"व्हय. 'आलो आबा,' म्हणाला. 'हात धुऊन आलो.'"

आबांच्या हाकेचं आम्ही तिघांनी कुणालाही, अगदी सख्ख्या मामालाही, सांगितलं नव्हतं. आबा भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तुम्ही म्हणाल, जाताना माणसाला घर आठवतंच. मान्य. आवाज दुसऱ्याच कशाचा असेल. तेही धरून चालते. पण त्या घरातून चित्रदुर्गापर्यंत हाक पोचते कशी, आणि तिला नेमकं तेच उत्तर कसं येतं? मी पुष्कळ डोकं लावलं, मला नाही सांगता आलं. कुणाला येत असेल तर जरूर लिहा.

आबांनी मात्र असलं काही विचारलं नाही. इस्माईलचाचा दुकानापाशी थांबले की आबा चहा सांगायचे, आणि चहा येईपर्यंतही त्यांना दम निघायचा नाही.

"रागानं न्हवं ना म्हणाला?"

"न्हाई आबा. रोजच्यागत म्हणाला."

हे उत्तर आबांना पाठ झालं होतं. तरी स्वतः जाईपर्यंत दर खेपेला ते विचारायचेच.