बॉर्नट्रेगरांच्या दारातलं पाणी

आईवडिलांनंतर मी कुणाचा सर्वांत जास्त ऋणी असेन, तर रूथ बॉर्नट्रेगर यांचा. गेल्या महिन्यात मॉरिसव्हिलहून त्यांच्या भाच्याचा, बहिणीच्या मुलाचा, फोन आला. रूथमावशी झोपेतच गेल्या... शांतपणे.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेतलं इंग्रजी घेऊन इथे अमेरिकेत एम.एस.ला आलो आणि मॉरिसव्हिलला मावशींच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. त्या निवृत्त शिक्षिका. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्यांनी माझा प्रबंध मोठ्याने वाचून घेतला. "पुन्हा वाच. घाबरतोस काय, मी व्हिसा ऑफिसर आहे का?"

त्यांच्या हॉलमध्ये सिंह आणि तलवारींचं घराण्याचं चिन्ह असलेली एक ढाल टांगलेली होती. त्यांच्या वडिलांनी जाहिरात पाहून मागवलेली. आपण सरदार घराण्यातले, अशी घरात समजूत. पण आडनावाचा नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मावशींना मूलबाळ नव्हतं. "हे आडनाव माझ्याबरोबर संपणार," त्या म्हणायच्या, "त्याआधी ते काय होतं, एवढं तरी कळू दे."

म्हणून आम्ही दोघं युनिव्हर्सिटीतल्या जर्मनच्या बाईंना भेटलो. बॉर्न म्हणजे झरा किंवा विहीर, ट्रेगर म्हणजे वाहून नेणारा. पूर्वी घरोघरी पाणी पोचवणाऱ्यांचं हे आडनाव.

परतताना गाडी चालवता चालवता मावशी म्हणाल्या, "म्हणजे सिंह गेला, बादली उरली!"

"मावशी, माझे बाबा पाणक्या होते. लग्नकार्यात पाणी भरायचे. ते आल्याशिवाय आचारी चूल पेटवायचा नाही."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला बाबांविषयी सगळं विचारलं. आमच्याकडे आल्यागेल्याला न विचारता आधी पाणी देतात, हेही मी तेव्हाच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ढाल गराजमध्ये गेली आणि पार्सलवाल्याच्या हातात पाण्याचा ग्लास आला.

"मॅम, उशीर होतोय."

"होऊ दे. आधी पाणी."

अंत्यविधीला गेलो, तेव्हा भाच्याने दार उघडलं आणि आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. फ्रिजवर माझं पत्र अजून चिकटवलेलं होतं. सनीव्हेलला नोकरी लागल्यावर मी पाठवलेलं.

"प्रिय रूथमावशी, आज सामान घेऊन मूव्हर्स आले. आत येताच त्यांच्या हातात पाणी ठेवलं. त्यातल्या एकाने विचारलं, ही कुणाकडची पद्धत? बाबांचं नाव ओठांवर होतं, पण ते मोठ्या मनाचे आहेत, रागावणार नाहीत. मी म्हटलं, बॉर्नट्रेगरांकडची."