ज्या तबकडीसाठी नागपूर गाठलं

लोक नागपूरला संत्र्यांसाठी जातात. मी गेलो एका तबकडीसाठी. आणीबाणी उठल्यानंतरचा पहिला हिवाळा होता. पुण्यात एका मित्राने ती लावली आणि माझा चहा हातातच निवला. ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, वर एका बाईचा आभाळ फाडणारा आवाज, आणि गाणी कशावर? तर गावच्या विहिरीवर हक्क कुणाचा यावर! मराठीत असलं कुणी करतं? पाकिटामागे ‘इंदोरा, नागपूर’ एवढंच होतं. मी रजा टाकली.

मनमाडला गाडी बदलावी लागायची. बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेअर मांडीवर, कारण गाणाऱ्यांचं गाणं त्यांच्याच शेजारी बसून ऐकायची हौस. कंबर पार ढिली झाली.

जाल तेव्हा सकाळी तर्री-पोहे खाच, पण पाणी हाताशी ठेवा. मी शहाणपणाने जास्त तर्री मागितली आणि नाकाडोळ्यांतून गंगा-यमुना वाहू लागल्या.

“हळू खा ना जी,” पोहेवाला म्हणाला, “कोणी हिसकून घेऊन नाही राहिलं.”

सायकलरिक्षाने इंदोऱ्यात पोचलो. गायिका सुशीलाताई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी एका तरुणाचा फोटो, आणि त्याखाली तीच तबकडी, झेंडूचा हार घातलेली.

“हा मोतीराम, माझा लहान भाऊ,” ताई म्हणाल्या. “विहिरीवर पाणी भरलं म्हणून मारलं त्याले. शेवटच्या गाण्यात त्याचं नाव घेतलं मी. आता कोणी मिटवू नाही शकत.”

“ऐकलंत कधी?”

“कशावर ऐकू, भाऊ?”

तबकडी मी वीसेक वेळा ऐकली होती. मोतीराम हे नाव मला आठवेना. पण प्लेअर बघून गल्ली गोळा झालेली. गिटारवाला अनिलही आला आणि दारातच थांबला.

भिंतीवरची तबकडी उतरवून लावली, शेवटचं गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला ताईंचे ओठ हलू लागले. तबकडीतून नुसती गिटार वाजत होती.

“माझा आवाज कुठं गेला?”

अनिल खाली बघत होता. “ताई, गाणी रेकॉर्ड करून तू मुंबईहून निघाली, अन् कंपनीवाले म्हणाले, हे नाव चालत नाही. नाहीतर तबकडीच निघत नाही. मी ती जागा गिटारनं भरली.”

“अन् मले काहून नाही सांगितलं?”

“सांगाले आलो होतो. तू तबकडीले हार घालून राहिली होती.”

मी हादरलो. गिटारच्या त्याच तुकड्यावर मी वेडा झालो होतो. त्याच्यासाठीच एवढ्या लांब आलो होतो!

मग ताईंनी डोळे पुसले. “पुन्हा लाव गा, भाऊ.”

या वेळी गिटार सुरू झाली आणि ताई खड्या आवाजात गायल्या. कडवं तंतोतंत बसलं. अनिलने मापाने तेवढीच जागा राखली होती.

प्लेअर मी तिथेच ठेवून आलो. तबकडी मित्राकडे जाऊन ऐकतो. तो तुकडा आला की मित्र आजही डोळे मिटून मान डोलावतो. मी मोठ्याने म्हणतो, “मोतीराम.”