ओटा शहाद्यात, मिस्तरी तोरणमाळात

आमचं स्वयंपाकघर नऊ दिवसांत नवं होणार होतं, आणि झालंही बरोबर नऊच दिवसांत. फक्त ते नऊ दिवस सलग आले नाहीत. पहिला दिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आला आणि नववा आला श्रावणात!

मी शहाद्याला शाळेत भूगोल शिकवतो. घरात आम्ही चौघं. माझी आई, जिला अख्खी गल्ली जिजी म्हणते. बायको ज्योत्स्ना, जिचं माहेर नाशिकचं, त्यामुळे ती भांडतानाही शुद्ध मराठी बोलते. आणि अकरावीतली मुलगी कल्याणी, जी भांडतच नाही, मोबाइलवरून डोळे वर करून नुसती बघते (ते जास्त लागतं).

आमचा कडप्प्याचा जुना ओटा मधोमध तडकला होता. तो काढून नवा बांधायचा, भिंतीला टाइल्स लावायच्या, एवढंच काम. त्यासाठी मी रोहिदास मिस्तरीला बोलावलं. रोहिदासच्या हातात सोनं आहे असं गावात सगळे म्हणतात. ते हात सापडत नाहीत, एवढीच अडचण.

त्यानं भिंतीवर टकटक केलं, ओट्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "नऊ दिन, सर. दहावा दिन लागाव नही."

पहिल्या दिवशी त्यानं ओटा असा काही फोडला, की माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. दुपारपर्यंत स्वयंपाकघराचं मैदान झालं. गॅसची शेगडी हॉलमध्ये आली, टीव्हीच्या खाली. पिठाचा डबा दिवाणावर, मसाल्याचा डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात. माझ्या शर्टांना असा काही वास लागला, की पाचवीतली पोरं हजेरी सुरू असताना विचारायची, "सर, आज भरीत का?"

तिसऱ्या दिवशी धूळ इतकी उडाली, की आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखू लागलो. तेव्हा मीच म्हटलं, "चला, आज प्रकाशाला जाऊन येऊ. तापीकाठी डबा खाऊ. तोवर मिस्तरी निवांत काम करेल."

संध्याकाळी परतलो तर काम होतं तिथंच होतं. रोहिदास दाराच्या पायरीवर बसून माझी वाट पाहत होता.

"सर, सिंक खिडकीखाले का दारजोडे?"

तर, हे सिंकचं जरा सांगायला हवं. भूगोलाच्या माणसाला नकाशा काढल्याशिवाय चैन पडत नाही. स्वयंपाकघराचे मी प्रमाणासकट नकाशे काढत होतो आणि भिंतीला चिकटवत होतो. सोमवारच्या नकाशात सिंक खिडकीखाली, बुधवारच्या नकाशात दाराजवळ. विचारपूर्वक काम करायचं म्हटलं की असं होणारच!

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. "रविवारी आम्ही उनपदेवला जातोय. गरम पाण्यात पाय सोडून बसलं की डोकं चांगलं चालतं. आल्यावर सांगतो."

उनपदेवला डोकं चाललं नाही. मग सापुताऱ्याला गेलो. परत आलो तर भिंतीवर तीन टाइल्स लागल्या होत्या, तीन वेगवेगळ्या रंगांच्या. "नमुना शे, सर. तुम्ही पसंत करा." मी तिन्ही पसंत केल्या. मग पावसाळा लागला, रोहिदास दुसरीकडे गळकी छपरं दुरुस्त करायला गेला, आणि त्या तीन टाइल्स तशाच आमच्याकडे बघत राहिल्या.

एरवी हे असंच दिवाळीपर्यंत चाललं असतं. पण यंदा कानबाई आमच्याकडे बसणार होती. खानदेशात कानबाई बसते म्हणजे अख्खी भावकी घरात उतरते, आणि देवीच्या नैवेद्याचे रोट घरच्या बायांनी घरच्याच चुलीवर करायचे असतात. ब्राह्मणपुरीचे काका, धुळ्याचे आतेभाऊ, सगळ्यांना निरोप गेले होते.

एका सकाळी जिजी स्वयंपाकघराच्या मैदानात उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बापू, देवीना रोट मी काय टीव्हीखाले करू? पुढला वरीस मन्हा गुडघा ऐकतीन का नही, कोणले माहीत."

जिजी ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती हळू बोलली, तिथं माझं काही चालेना. मी त्याच दिवशी रोहिदासला शोधून काढलं आणि हात जोडले.

"सर, काळजी करू नका," तो म्हणाला. "तुम्ही शनिवार-रविवार कोठे तरी जा. घरमा माणसं ऱ्हायनात की मन्हा हात चालस नही. चावी देई ठेवा. सोमवारले ओटा तय्यार!"

कानबाईला आठ दिवस होते. ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, या वेळी तरी आपण इथं थांबूया." पण मिस्तरीचा हात चालायचा होता ना! मी चावी दिली, सगळ्यांना गाडीत बसवलं आणि तोरणमाळचा रस्ता धरला. घाटात जिजी हातात लिंबू धरून बसली होती. बोलली ती थेट वर पोचल्यावर, तलावाजवळ.

वर दाट धुकं होतं. एक बाई शेगडीवर कणसं भाजत होती. तिच्या शेजारच्या बाकावर आम्ही जिजीला बसवलं. तेवढ्यात जिजी ताठ झाली.

"बापू, तो रोहिदास शे ना?"

"कुठं?"

"तो देख ना! निया शर्टवाला. पोरेसले कणीस लेई देई ऱ्हायना."

मी पाहिलं. पाठमोरा, निळा शर्ट, धुक्यात अर्धा विरघळलेला. शहाद्यात असे निळे शर्ट शंभर असतील.

"जिजी, रोहिदास शहाद्याला आपला ओटा बांधतोय. तुला हल्ली जिथं तिथं मिस्तरी दिसायला लागलेत!"

हे मी जरा चढ्या आवाजात बोललो. "तू इथंच बस, आम्ही सीताखाई बघून येतो," असं म्हणून मी ज्योत्स्ना आणि कल्याणीला घेऊन निघालो. सीताखाईच्या दरीत काय दिसलं? धुकं! पण आलोच आहोत तर पाहून घेऊ म्हणून मी ते धुकंही तासभर पाहिलं.

परत आलो, तर बाक रिकामा.

आधी वाटलं, जवळपास असेल. कल्याणी एका बाजूला गेली, ज्योत्स्ना दुसऱ्या, मी तलावाकडे पळालो. "जिजी! ए जिजी!" धुक्यात हाक दोन पावलांवर विरून जायची. मोबाइलला रेंज नाही. आणि असती तरी काय? जिजीचा फोन घरी हॉलमध्ये, तांदळाच्या डब्यावर! तलावाच्या काठाला लागून मी चालत होतो आणि पाण्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. सारखं आठवत होतं, शेवटचं वाक्य मी काय बोललो, आणि कोणत्या आवाजात. बहात्तर वर्षांची बाई. गुडघे दुखणारी. अशी जाऊन जाऊन कुठं जाईल?

अर्ध्या तासानं तिघंही बाकाशी परत आलो. ज्योत्स्नाचे डोळे भरले होते. कल्याणीनं पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला होता, त्यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

तेवढ्यात धुक्यातून एक बाई आली. दोन्ही हातांना एक-एक मूल.

"भाऊ, मन्हा घरवालाले देखं का कोठे? निया शर्ट शे. आते येस सांगीसन गया, तो गयाच!"

मी त्या मुलांकडे पाहिलं. दोघांच्या हातात कणसं होती.

"ताई... तुमचे घरवाले करतात काय?"

"मिस्तरी शेत. शहादाले एक मास्तरना ओटा बांधी ऱ्हायनात." मग ती सांभाळून म्हणाली, "लगीन व्हयनं तवयपशी तोरणमाळ दाखाडसू म्हणेत. आज म्हणेत, चाल, मास्तर घर नही."

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं. मग शुद्ध मराठीत त्या बाईला म्हणाली, "हेच ते मास्तर."

इतका वेळ आमच्याकडे शांतपणे पाहत असलेली कणीसवाली आता म्हणाली, "ती म्हातारी तुझी आई ना? खाली गेली."

"खाली? कुठं खाली?"

"घाट उतरून. निळ्या शर्टवाल्याच्या फटफटीवर. आधी त्याची कॉलर धरली, मग पदर खोचला, मग मागं बसली. मला सांगून गेली की, माझा पोरगा येईल, घाबरट आहे, त्याला सांग. पण तू विचारलंस कुठं? तू तर आल्या आल्या तलावाकडेच पळालास!"

जिजी पाण्यात नव्हती, दरीत नव्हती. अर्धा जीव परत आला. उरलेला अर्धा लगेच उडाला, कारण जिजी मोटरसायकलवर होती! धुक्यात, त्या घाटात, रोहिदासच्या मागं!

मिस्तरीची बायको संगीता आणि दोन्ही मुलं आमच्याच गाडीत बसली. दुसरं करणार काय? चौघांच्या गाडीत सहा जण. मी बैलगाडीच्या वेगानं घाट उतरत होतो आणि प्रत्येक वळणावर थांबून खाली दरीत पाहत होतो. मागून संगीता धीर देत होती, "काही व्हवाव नही, भाऊ. त्या गाडी बेस चालाडतस." मग थोड्या वेळानं, "ब्रेक तेवढा ढिला शे." मिस्तरीचा धाकटा मुलगा तिसऱ्या वळणाला माझ्या खांद्यावर उलटी करून मोकळा झाला. आमचा रात्रीचा डबा थोरल्यानं पायथ्यापर्यंत संपवला.

शहाद्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीच्या तोंडापासूनच आवाज येत होता. टाइल्स कापायच्या कटरचा. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

दार उघडं होतं. स्वयंपाकघराच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जिजी बसली होती, हातात चहाचा पेला. केस वाऱ्यानं उभे राहिलेले, चेहरा एकदम टवटवीत. समोर रोहिदास, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, मान खाली घालून टाइल लावत होता. अर्धी भिंत झाली होती!

मी मागं काय आहे ते न बघता मटकन खाली बसलो, ते थेट सिमेंटच्या घमेल्यात.

"सर, तो ताजा माल शे," रोहिदास म्हणाला.

"जिजी, अगं न सांगता गेलीस? आमचा जीव गेला असता!"

"सांगाले तू कोठे व्हता? तू तं दऱ्या देखी ऱ्हायंता. मी तुले सांगं ना, रोहिदास शे. तू म्हणे, मिस्तरी दिसतस जठे-तठे."

ज्योत्स्ना जिजीच्या गळ्यात पडली. मलाही पडायचं होतं, पण मी घमेल्यातून निघत नव्हतो. शेवटी रोहिदासनं एका हाताला धरलं, संगीतानं दुसऱ्या, आणि मला उपटून काढलं. उभा राहताच मी सगळा राग त्याच्यावर काढला.

"तीन महिने! रोहिदास, तीन महिने तू आम्हाला झुलवलंस, आणि आज माझ्या आईला फटफटीवर बसवून..."

"बापू," जिजी म्हणाली, "त्याले बोलू नको. मी बी रस्ताभर त्याले बोलनू. मग त्यानी माले हाई दाखाडं."

तिनं भिंतीकडे बोट केलं. माझे नकाशे. अकरा नकाशे ओळीनं चिकटवलेले. सात ठिकाणी सिंक, पाच ठिकाणी ओटा, आणि एकात (हा मी सापुताऱ्याला काढला होता) तर खिडकीच नाही!

रोहिदास हळूच म्हणाला, "सर, मी दरखेपले विचारस, पक्कं काय? तुम्ही सांगतस, जाई येतस, मग सांगतस. माले वाटनं, सरले ओटा नको, फिरानं शे. मग मी बी म्हटलं, आपण बी तोरणमाळ देखी लेऊत."

कल्याणीनं डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. या वेळी मोबाइलही हातात नव्हता, त्यामुळे ते फारच लागलं.

जिजीनं सगळं मिनिटभरात ठरवलं होतं. सिंक खिडकीखाली, म्हणजे भांडी घासताना रस्ता दिसतो. ओटा ज्योत्स्नाच्या कंबरेइतका, "मन्हा इतला नको, आते पुढे तिलेच करानं शे." टाइल्स पांढऱ्या. बस्स. त्या संध्याकाळी ज्योत्स्नानं टीव्हीखाली शेवटचा स्वयंपाक केला, आठ माणसांना पुरेल एवढी खिचडी. संगीतानं पापड भाजले. घाटात काय काय झालं ते सांगताना जिजी इतकी हसली, की तिला ठसका लागला. ढिल्या ब्रेकचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी शेगडी नव्या ओट्यावर चढली. रविवारी कानबाई बसली. जिजी आणि ज्योत्स्ना खांद्याला खांदा लावून रोट करत होत्या, आणि ब्राह्मणपुरीचे काका ओट्यावरून हात फिरवत म्हणाले, "बेस काम करं, बापू!" मी नम्रपणे मान खाली घातली. मागून कोणीतरी जोरात खोकलं.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि तिचा परिणामही लगेच झाला. शेजारच्या आण्णांनी बाथरूमचं काम काढलं, तेव्हा मिस्तरीला बोलवायच्या आधी ते माझ्याकडे आले. मला वाटलं, नकाशा काढून मागतील. त्यांनी चार दिवसांची उकाईची सहल ठरवली होती, खास माझ्यासाठी. गाडी त्यांची, जेवण त्यांचं, सोबतीला त्यांचे दोन्ही जावई. धरण मला तीन बाजूंनी दाखवलं!

परत आलो तोवर बाथरूम झालं होतं. फार सुंदर झालंय म्हणतात. मला अजून आत सोडलेलं नाही.