नवरात्रात कमावलेले तळवे

मुलीच्या पोलीस भरतीचं ग्राउंड तीन आठवड्यांवर आलं आणि तिची नडगी ठणकायला लागली. पहाटे चौसाळ्याच्या हायवेच्या कडेनं पळून आली की ओट्यावर बसून पाय चोळायची. गेल्या वर्षी ती पळण्यातच थोडक्यात हुकली होती. त्यामुळे त्या पायाबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांचं लक्ष मात्र तिथंच होतं.

उपाय अर्थातच मला सापडला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइल बघतो. त्यात एक माणूस अनवाणी पळता पळता सांगत होता, की बुटामुळे आपण टाच आपटतो. बूट काढले की पाऊल पुढून, अलगद पडतं आणि तळव्यात ताकद येते.

"बूट काढ," मी मुलीला म्हणालो. "मी दरवर्षी नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालत नाही. काय झालं का मला?"

"घर ते दुकान जाता तुमी," बायको आतून म्हणाली. "मधी एक नाली हाय. तेवढीच काय ती दौड."

मुलीनं मात्र विचार केला. "पप्पा, आधी तुम्ही आठ दिवस पळा. पाय शाबूत राहिले तर मी बूट काढते."

पहिले दोन दिवस मी शेताकडच्या पांदीत, मऊ फुफाट्यातून पळालो. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. पावलं आपोआप लहान पडायची. पोट सोडलं तर सगळं अंग हलकं झाल्यासारखं. मुलगी मागून बघत यायची.

तिसऱ्या दिवशी वाटलं, हे गावानं बघायला पाहिजे. चहाच्या हॉटेलावर मित्र बसतात, म्हणून डांबरी रस्ता धरला. हॉटेल दिसताच वेग वाढवला. पोटरीत गोळा आला, म्हणून कडेला उतरलो, तो नेमका बाभळीच्या काट्यावर.

"काय बे, मागं कुत्रं लागलंय का?" म्हणत मित्रानं मोटारसायकल काढली.

घरी बायकोनं सुईनं काटा काढला आणि वर बिब्ब्याचा चटका दिला. "वरडू नका. नवरात्रातले तळवे हायत तुमचे."

मुलगी हसली नाही. माझं पाऊल मांडीवर घेऊन तिनं डांबरी रस्त्यानं आलेले फोड नीट बघितले. "बूट राहू देते," ती म्हणाली. "पण पांदीत तुमची टाच आपटत नव्हती. तेवढं घेते."

दोन-तीन दिवस तिनं पळणं बंद ठेवलं. मग बूट घालूनच, पण लहान पावलं टाकत पळायला लागली. संध्याकाळी फुफाट्यात थोडा वेळ अनवाणी चालायची. ठणका उतरला, पुरता नाही.

ग्राउंडच्या दिवशी मी बायकोसोबत बीडला मैदानाच्या फाटकाबाहेर उभा. काट्यापेक्षा बिब्बाच जास्त उतून चिघळला होता, त्यामुळे एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं. आतलं काही दिसेना, नुसत्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. माझा धीर सुटला आणि मी मनातल्या मनात नवस बोलून बसलो.

ती बाहेर आली ती धापा टाकत, पण लंगडत नव्हती. "बसले वेळेत, पप्पा."

मग मी नवस सांगून टाकला: लिंबागणेशाच्या गणपतीला अनवाणी येईन.

बायकोनं फडक्याकडं बघितलं. "कावून बोलता असं? तोंड हाय म्हणून?"

"जाऊ की," मुलगी बूट सोडत म्हणाली. "जखम भरू द्या, मग तिघं जाऊ. चालत." वर म्हणाली, "वाटेत चहाचं हॉटेल लागलं, की मी तुमचा हात धरीन."