काडीमोड म्हणजे आगपेटी नव्हे

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या मराठी मंडळींत माझ्याविषयी एक किस्सा फिरतो: आजोबांनी सरकारी कचेरीत साहेबाची पेन्सिल मोडली आणि त्यांना हाकलून देण्यात आले. माझी सून तो दर गणपतीत नव्या पदरासह सांगते. पेन्सिल मी परवानगीने घेतली होती, आणि मला हाकलले नाही. बाहेर बसण्याची विनंती केली. हा भेद ज्याला कळत नाही, त्याने किस्से सांगू नयेत.

बाईला बाई म्हणून होणारा छळ हे आश्रयाचे कारण मानावे, असा कायदा जर्मनीत नुकताच झाला होता. एका मराठी घरात मूल सांभाळणाऱ्या बाईने त्याखाली अर्ज केला. जातपंचायतीने तिचा काडीमोड केला होता. चारित्र्य सिद्ध करायला उकळत्या तेलात हात घाल, असा हुकूम झाला, तेव्हा ती पळाली. परत पाठवले असते तर दीर तिला त्याच कढईपाशी नेणार होते. पुण्यात एकतीस वर्षे जर्मन शिकवलेला मी कचेरीतल्या मुलाखतीला तिच्या सोबतीला गेलो. सोबत्याने गप्प बसायचे, असा नियम होता. दुभाषा मराठीचा मिळाला नाही. लखनौचे एक अदबशीर गृहस्थ हिंदीवर भागवत होते.

“नवऱ्याने काय केले?” साहेबाने विचारले.

“काडीमोड झाला,” बाई म्हणाली.

दुभाष्याने क्षणभर विचार केला आणि शुद्ध जर्मनमध्ये सांगितले, “नवऱ्याने आगपेटीतली काडी मोडली.”

साहेबाने ते टंकले. “एकच?”

“मग काय चार-चारदा मोडतात?” बाई उखडली.

“एकच,” दुभाषा म्हणाला.

“आल्झो, म्हणजे,” साहेब चष्मा काढत म्हणाला, “आणि तेवढ्यासाठी आपण देश सोडलात?”

मी उभा राहिलो. सून म्हणते, ओरडलो. सत्तर मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा नेहमीचा आवाज आहे तो.

“काडी पंच मोडतात, आणि काडीबरोबर लग्न मोडते!” मी म्हणालो. साहेबाला कळेना. पेन्सिलीकडे बोट दाखवून मी विचारले, “घेऊ?” तो “बिट्टे”, म्हणजे घ्या, म्हणाला. कट्ट!

“पंच म्हणजे न्यायाधीश?” साहेबाने विचारले.

“न्यायाधीश असते तर आम्ही इथे कशाला आलो असतो?” येथून मी विषयाची थोडी पार्श्वभूमी मांडली. सुनेच्या मते पंचवीस मिनिटे, वस्तुतः अकरा.

“चाचाजी, बैठ जाइए,” दुभाषा कळवळून म्हणाला. मग साहेबाने ती बाहेर बसण्याची विनंती केली.

बाई मात्र हसत होती. “काका, तुम्ही बाहेर बसा. आता त्यांना पंच कळलेत ना? पुढचं माझं मी सांगते.”

ती दोन तास आत होती. कढई, दीर, हुकूम, सारे तिनेच सांगितले. मी यात भर घालू इच्छित नाही.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. निकालाचे पत्र हातात होते. आश्रय मागणाऱ्यांच्या वसतिगृहात ती रोमन अक्षरे शिकली होती, पण शब्द लागत नव्हते. “काका, एकेक अक्षर सांगते हं.” तिने पहिली ओळ अक्षर अक्षर वाचली, चुकली, पुन्हा आरंभापासून वाचली. अर्थ मला अर्ध्यातच लागला होता. तरी मी तिला थांबवले नाही.

“म्हणजे काय हो?”

“इथेच राहायचं.”

“राहायचंच ना? नक्की?” तिने विचारले, आणि खात्रीसाठी दुसरी ओळ वाचायला घेतली.