पगारे सिस्टर आणि बसकी गाडी

गाडीखाली जाण्याआधी पगारे सिस्टर गाडीला धक्के मारत. जॅकने गाडीचं तोंड उचलून झालं आणि खाली टेकूला लोखंडी घोड्या लागल्या, की आधी डावीकडून, मग उजवीकडून खांदा लावून त्या गाडी जोरात हलवत. "पडायचं असेल तर आत्ता पड. मी अजून बाहेर आहे," असं तिला बजावत. गाडी पडत नसे. मग सिस्टर जमिनीवर पोतं अंथरत, त्यावर उताण्या होत आणि सरकत आत जात. बाहेर फक्त दोन पावलं उरत.

सातपूर रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत मी राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी मी ही पावलं पाहिली. मी शाळामास्तर. नवीन शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी म्हणून गेलो आणि त्या पावलांना नमस्कार केला. आतून आवाज आला, "बसा. तेल गळतंय तोवर मला हलता येणार नाही." मी पायरीवर बसलो. वीस मिनिटांनी बाहेर आल्या त्या चाळिशीच्या, ठेंगण्या बाई होत्या. अंगात नवऱ्याचा कारखान्यातला निळा बॉयलर सूट होता, बाह्या तीनदा दुमडलेल्या. कॉलनीने या सूटची चर्चा पंधरा दिवस केली होती म्हणे. सिस्टरना त्याचा पत्ता नव्हता, किंवा असला तरी तो त्यांनी ठेवून घेतला नव्हता.

त्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. नवरा, म्हणजे पगारे, सातपूरला एका कारखान्यात टर्नर. गाडी त्यांनी जुनी घेतली होती, पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याकडून. व्यापाऱ्याच्या हौशी मुलाने शर्यतीतल्या गाडीसारखी दिसावी म्हणून तिच्या चारही स्प्रिंगा कापल्या होत्या. त्यामुळे ती जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच राहिली होती. दिसायला ती दमून खाली बसल्यासारखी दिसे. गतिरोधकावरून जाताना पोट घासे आणि सगळ्या कॉलनीला कळे, सिस्टर ड्यूटीवर निघाल्या.

"नवीन स्प्रिंगा का नाही घालत?" मी एकदा विचारलं.

"मिळत नाहीत. गाडी परदेशी. मिळतील तेव्हा घालू. तोवर तेल बदलायचं थांबवता येत नाही ना?"

गॅरेजवाला ही गाडी घ्यायला कुरकुरत असे, कारण नेहमीचा जॅक तिच्याखाली शिरतच नसे. म्हणून सिस्टर घरीच सगळं करत. आधी पुढच्या चाकांसमोर दोन जाड फळ्या टाकून गाडी हळूच त्यांवर चढवायची. तेवढ्याने जॅकपुरती जागा व्हायची. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकायच्या. जॅक लावायचा तो पत्र्याला नाही, खालच्या जाड आडव्या दांड्याला. उचललं की लगेच घोड्या, आणि गाडीचा भार जॅकवरून काढून घोड्यांवर. घोड्या पगाऱ्यांनी स्वतः बनवल्या होत्या. पहिली जोडी इतकी उंच झाली, की ती लावायला गाडी झाडावर चढवावी लागली असती. दुसरी जोडी बरोबर बसली.

"जॅकचं काम उचलायचं," सिस्टर म्हणत. "धरून ठेवायचं काम त्याला सांगितलेलं नाही."

"मग पगारेच का नाही जात खाली?" हा प्रश्न कॉलनीत सगळ्यांना पडे. पगाऱ्यांनी मला त्याचं उत्तर स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवून दिलं. "एकदा गेलो होतो, सर. निम्मा गेलो."

त्या वर्षी आमच्याकडे पहिलं बाळंतपण होतं. भर दुपारी बायकोच्या पोटात दुखू लागलं. त्या दिवशी रिक्षांचा संप. मी रस्त्यावर इकडून तिकडे धावत असताना सिस्टर ड्यूटीवरून परत येत होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. गाडी वळवली, मागचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही पुढे बसा आणि बोलू नका." गाडी त्र्यंबक नाक्यापर्यंत दोनदा घासली. दवाखान्यात पोहोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. मी आभार मानायला लागलो, तर सिस्टर म्हणाल्या, "मी गाडी चालवली. बाकीचं हिनं केलं."

हे ऋण मला टोचत राहिलं. मुलगी तीन महिन्यांची झाली, दिवाळीची सुट्टी लागली आणि मी ठरवलं, सिस्टरच्या गाडीचं तेल आपण बदलून ठेवायचं. तेलाचा डबा येऊन पडला होता, सिस्टरना मात्र दोन आठवडे रविवारीही ड्यूटी होती. बघून बघून मला सगळं येत होतं. तेल बदलेपर्यंत गाडी काढायची नाही म्हणून सकाळी त्या बसने दवाखान्यात गेल्या आणि पगारे पहिल्या पाळीला. गाडीची दुसरी किल्ली आमच्याकडेच असे. मी फळ्या टाकल्या, गाडी चढवली, पाचरी ठोकल्या, जॅक लावला. घोड्या शोधल्या, तर त्या पगाऱ्यांच्या कुलूपबंद पेटीत. मी क्षणभर विचार केला. काम पाच मिनिटांचं होतं. मी खाली गेलो.

तेलाच्या टाकीची बुची निघेना. पाना घसरत होता. पाच मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली असावीत. तेवढ्यात मला चाकाशेजारी पांढरे बूट दिसले. सिस्टरची त्या दिवशी अर्धीच ड्यूटी होती, हे मला माहीत नव्हतं.

"सर," त्या अगदी हळू म्हणाल्या, पेशंटला झोपेतून उठवताना बोलावं तशा. "पाना खाली ठेवा. कशालाही धरू नका. पायाकडून सरकत बाहेर या."

मी आलो. मला वाटलं, ओरडतील. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"चपला घाला," त्या म्हणाल्या.

"हात धुऊन येतो."

"तसेच चला."

बसमध्ये लोक माझ्यापासून सरकून बसले. वॉर्डात सिस्टर मला खिडकीजवळच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. खाटेवर तिशीचा एक टेम्पोवाला होता, पिंपळगावकडचाच. दोन्ही पाय वजनं बांधून टांगलेले.

"काय करत होता, सांगा सरांना."

"टेम्पोचं आईल बदलत व्हतो," तो म्हणाला. त्याने ही गोष्ट बऱ्याच जणांना सांगितली असावी. "जॅकवर."

"घोडी लावली होती?"

"नाय ना. पाच मिनिटांचं तर काम व्हतं."

"याआधी कधी पडला होता टेम्पो?"

"चार वर्सं तसंच करत व्हतो. कधीच नाय पडला." त्याने माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, मग पायांकडे. "सर चालत आले ना? मंग बरं हे."

परत आलो, तेव्हा गाडी जॅकवर जशीच्या तशी उभी होती. पडलेली असती, तर मला जरा बरं वाटलं असतं. पगारे आले, पेटी उघडली, घोड्या लावल्या. सिस्टरनी बॉयलर सूट घातला, गाडीला धक्के मारले आणि मी जिथे अडकलो होतो ती बुची एका झटक्यात काढली. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बायकोलाही सांगितलं नाही. ते मीच सांगितलं, आणि त्याची शिक्षा वेगळी भोगली.

पुढे काही वर्षांनी सिस्टरना बढती मिळाली आणि बदली झाली हरसूलला. डोंगराळ रस्ता, खड्डे, घाट. या गाडीचं पोट तिथे आठवडाभरसुद्धा टिकलं नसतं. नवीन स्प्रिंगा शेवटपर्यंत मिळाल्या नव्हत्या. गाडी विकायची ठरली. पगाऱ्यांनी काचेवर पाटी लावली.

पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने विचारलं, गाडी पळते किती. दुसरा म्हणाला, बसकी आहे म्हणून तर छान दिसते. दोघांनाही सिस्टरनी सांगितलं, "विकायची नाही." पाटी समोरच होती. त्यांनी ती वाचून दाखवली, तर सिस्टर म्हणाल्या, "पाटी जुनी आहे."

"मला द्या," मी म्हणालो. माझ्याकडे तोवर स्कूटर आली होती, पण गाडी कुठे होती?

सिस्टर म्हणाल्या, "नको, सर. तुम्ही कुणाचे तरी उपकार फेडायला परत खाली जाल."

महिनाभराने सातपूरचा एक तरुण फिटर बायकोला घेऊन आला. त्याने बॉनेट उघडलं नाही, हॉर्न वाजवला नाही. गाल जमिनीला लागेपर्यंत वाकला, खाली पाहिलं आणि विचारलं, "ताई, हिला उचलायचं कुठून?"

सिस्टरनी पगाऱ्यांकडे पाहिलं. पगाऱ्यांनी पाटी काढली. मग सिस्टरनी त्या जोडप्याला सगळं दाखवलं, आधी त्याला, मग त्याच्या बायकोला. फळ्या, पाचरी, घोड्या, सगळं त्यांच्या डिकीत भरून दिलं.

गाडी फाटकापाशी घासली आणि वळून गेली. आवाज ऐकू येईनासा झाला तरी सिस्टर तिथेच उभ्या होत्या.

"चल, आत चल," पगारे म्हणाले.

"नऊ वर्षं," सिस्टर म्हणाल्या, कुणाकडेही न बघता, "मला सोडता का, असं कुणाला म्हणावं लागलं नाही."

दोन दिवसांनी पगारे पहिल्या पाळीला निघून गेल्यावर आमचं दार वाजलं. सिस्टर पांढऱ्या साडीत, हातात बॅग घेऊन उभ्या होत्या. हरसूलची एसटी सात वाजता होती.

"सर," त्या म्हणाल्या, "मला स्टँडवर सोडता का?"

मी स्कूटर काढली. त्या मागे बसल्या, बॅग मांडीवर घेतली. फाटकापाशी स्कूटर कुठेच घासली नाही.