पुलाच्या अलीकडे

कोणी रस्त्यात प्रेताचा मान राखला नाही, तर आमच्या फालेसीला ते सहन होत नाही. सहन होत नाही म्हणजे, ती त्या माणसाची भर रस्त्यात शोभा करते. एकदा खताची पोती नेणारा एक ट्रकवाला अंत्ययात्रेच्या शेजारून हॉर्न वाजवत गेला. ही दुसऱ्या दिवशी त्याच्या मालकाच्या दारात जाऊन बसली आणि ट्रकवाल्याला मेलेल्याच्या घरी माफी मागायला घेऊनच परतली. चहाच्या मळ्यांतून जाणाऱ्या आमच्या रस्त्यावरचे सायकलवाले आता तिला नुसती लांबून बघितली तरी खाली उतरतात, मग ती बाजाराला का निघालेली असेना.

चर्चमधल्या आमच्या बायकांच्या मंडळाची ती प्रमुख. मयताची पेटी खांद्यावर आली की डोक्याला पांढरं फडकं बांधून सगळ्यांच्या पुढे ती. गाणं उचलणार ती. मी एलुबे, तिची शेजारीण, तिच्या मागच्या रांगेत. आवाज माझा जास्त चांगला आहे, पण ते असो.

तिचा नवरा लवकर गेला. मुलगा एकच, मसाउको. प्रेत जात असताना पेरू खात उभा राहिला म्हणून लहानपणी तिने त्याचा कान इतका पिरगळला होता की चर्चमध्ये लोक विचारत होते, पोराला गांधीलमाशी चावली का. आता मसाउकोने तिशी ओलांडली, बायको आहे, मुलं आहेत. लग्नाच्या आधीपासून तो कारखान्यात चहाच्या ओल्या पानांची पोती वाहतो आणि त्याची कंबर कामातून गेली आहे. यंदा कारखान्याच्या लॉरीचा म्हातारा ड्रायव्हर घरी बसणार होता. त्यानेच मसाउकोला मळ्यातल्या रस्त्यांवर गाडी शिकवली होती. साहेबांनी सांगितलं, महिनाअखेर लायसन आण, लॉरी तुझी. नाही आणलंस तर शहरातून माणूस येईल. मसाउकोला पुन्हा अशी संधी मिळणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्याच्या परीक्षेच्या दिवशीच चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला पुरायचं होतं. आमच्याकडे कबरस्तानाच्या राईत जायचं तर नदीवरचा अरुंद पूल ओलांडावा लागतो. आम्ही गात पुलावर चढलो आणि समोरून शिकाऊ ड्रायव्हरची 'एल'ची पाटी लावलेली गाडी आली. आत मसाउको, शेजारी मांडीवर कागद घेतलेला परीक्षक. मसाउकोने गाडी तिथेच पुलावर उभी केली, दार उघडून खाली उतरला, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. फालेसीचा सूर एकदम वर गेला. कबरीपाशी तिने मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, बघितलं बाई, सगळ्यांनी बघितलं.

आम्ही परत आलो तर मसाउको ओट्यावर बुटांच्या नाड्या सोडून बसलेला. नापास. पुलावर गाडी उभी केली, रहदारीच्या बाजूचं दार उघडलं, इंजिन चालू ठेवून जागा सोडली. परीक्षकाने म्हणे त्याला नीट समजावून सांगितलं होतं, की पुलावर चढण्याआधीच कडेला थांबला असतास आणि जागेवर बसूनच टोपी काढली असतीस, तर मी तुला पास केलं असतं. त्या मेल्या परीक्षकाचं म्हणणं बरोबरच होतं, म्हणून तर जास्त राग आला.

फालेसी त्याच्याजवळ बसली.  तिने विचारलं, "पूल दिसला नाही का तुला?"

"दिसला," मसाउको म्हणाला. "पण पुढे तू होतीस."

त्या रात्री तिने मक्याच्या पिठाची शिमा ताटात घेतली आणि तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकाला जाब विचारायला ती तालुक्याला निघाली होती. मी तिला हात धरून मागे आणली. तिला म्हटलं, तुझं हे जाब विचारणंच पोराला नडलंय. ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. संध्याकाळी आपण होऊन आली. तिच्या डोक्यात बेत तयार होता. महिना संपायच्या आत परीक्षेची अजून एक तारीख होती. तोवर मसाउकोची ही सवय मोडायची.

गाडी कुठून आणणार? मग सायकल. फालेसी मळ्यातल्या रस्त्यावरून हात बांधून, हळू आवाजात मयताचं गाणं म्हणत समोरून चालत यायची आणि मसाउकोने सायकलवरून न उतरता पुढे जायचं. तिने आम्हा बायकांनाही मागे चालायला बोलावलं होतं. पण कोणी मेल्यावाचून मयताला कोण जाईल? आम्ही चहाच्या झुडपांआडून बघत राहिलो. तो यायचा, ती दिसली की त्याचा पाय आपोआप जमिनीला टेकायचा आणि हात टोपीकडे जायचा. "उतरू नकोस म्हटलं ना!" ती ओरडायची. तो पुन्हा बसायचा, पुन्हा उतरायचा. आम्ही हसून हसून खाली बसलो. मग एकदा तो उतरला तो सायकल आडवी टाकून रस्त्यातच बसला, आणि आमचं हसणं थांबलं.

"आई, माझ्याच्याने होत नाही," तो म्हणाला. "दुसरं कोणी असेल तर कदाचित होईल. तुझं तोंड दिसलं की पाय ऐकत नाहीत."

फालेसीने सायकल उचलली, हँडल सरळ केलं आणि ती ढकलत त्याच्याबरोबर घरी चालत आली. मला तिची दया आली. जे शिकवलं त्याचा तिला अभिमान होता आणि तेच पोराच्या आड आलं होतं. ते परत कसं काढून घ्यायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळातली दोरिका वारली. दोरिका म्हणजे शिंपी लिकाग्वाची बायको, फालेसीची लहानपणापासूनची मैत्रीण. फालेसी मला म्हणाली, एलुबे, उद्या पुढे तू चाल. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते, पण मी नाही म्हटलं. दोरिकाला फालेसीनेच न्यायला हवं होतं. तिलाही ते माहीत होतं. सकाळी मसाउको निघाला तेव्हा तिने त्याच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या कमरेच्या कापडात खोचली आणि त्याला जा म्हणाली.

दुपारी आम्ही दोरिकाला घेऊन निघालो. पूल दिसू लागला आणि पलीकडच्या वळणावर ती एलची पाटी दिसली. फालेसीने गाणं मध्येच तोडलं आणि हात वर केला.

"थांबा. कडेला व्हा, गवतात."

पेटी खांद्यावर असलेली पोरं अडखळली. कबर खणणाऱ्यांचा म्होरक्या वायसन मागून धावत पुढे आला. मयताच्या दिवशी आमच्याकडे खणणाऱ्यांचा शब्द शेवटचा, गावचा मुखियासुद्धा त्यांच्यापुढे बोलत नाही.

"अमाई, पेटी थांबवतात का कुठे? आणि तुम्ही थांबवता?"

"दंड कर मला," फालेसी म्हणाली. "काय करायचा तो कर. पण आत्ता थांब."

वायसनने लिकाग्वाकडे बघितलं. बिचारा म्हातारा, रडून रडून डोळे सुजलेले. त्याने पूल बघितला, गाडी बघितली, फालेसीकडे बघितलं. गावात ती परीक्षा कोणाला माहीत नव्हती?

"थांबू दे तिला," तो म्हणाला. "त्या पोराचे शाळेचे कपडे दोरिकानेच शिवले होते."

पेटी गवतात कडेला गेली. मग फालेसीने रस्त्याकडे पाठ केली आणि आम्हालाही पाठ करायला लावली. मान वाकवून ती झुडपांकडे बघत उभी राहिली. मसाउकोला तोंड दिसू नये म्हणून. गाडीचा आवाज पुलावर आला आणि मंद झाला. फालेसीने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत. मला राहवलं नाही, मी खांद्यावरून बघितलं. मसाउकोचा एक हात चाकावरून उठून डोक्याकडे गेला. तिथे टोपी नव्हती. हात तसाच परत चाकावर आला आणि गाडी हळूहळू आमच्या शेजारून पुढे गेली.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला."

तिने डोळे पुसले, गाणं जिथे तोडलं होतं तिथूनच उचललं आणि आम्ही दोरिकाला घेऊन पुलावर चढलो. वायसनने कबरीपाशी सगळ्यांसमोर दंड सांगितला, एक कोंबडी. फालेसीने मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही तिच्या ओट्यावर वाट बघत बसलो. तालुक्याहून येणारी शेवटची मिनीबस येऊन गेली, मसाउको त्यातून उतरला नाही. सून सारखी रस्त्याकडे जाऊन येत होती. फालेसी कमरेची टोपी काढून हातात फिरवत होती. पास झाला असता तर एव्हाना नाचत आला असता, असं आम्हा दोघींच्याही मनात आलं. मी उगाच, नापास होण्याने कोणी मरत नाही, असं काहीतरी बडबडले. त्या दिवशी तरी ते बोलायला नको होतं.

दिवेलागणीला तो आला, पण रस्त्याने नव्हे. कबरस्तानाच्या पायवाटेने. दोन्ही गुडघ्यांना ओली लाल माती.

"कुठे होतास?" फालेसीने विचारलं.

"दोरिका मावशीकडे," मसाउको म्हणाला. "मी न थांबता गेलो, ते तिला सांगून आलो." मग त्याने खिशातून परीक्षेचा कागद काढून आईच्या मांडीवर ठेवला. "पास आहे."

फालेसीने टोपी त्याच्या डोक्यावर घातली आणि आपला हात बराच वेळ तिथेच ठेवला. मग उठली आणि खुराडं बंद व्हायच्या आत वायसनच्या दंडाची कोंबडी धरायला परसात गेली.